मदत हवी आहे: पत्र्याच्या खोलीत रॅपचा आवाज घुमतोय, काय करू?

रामराम मंडळी. मी परभणीचा. आपल्याच बोलीत रॅप लिहितो अन् घरीच रेकॉर्ड करतो. लहानशी खोली, वर पत्रे. साधा कंडेन्सर माइक (बारीकसारीक आवाजही टिपणारा), माइक लॅपटॉपला जोडणारा दोन इनपुटचा ऑडिओ इंटरफेस, लॅपटॉपवर रीपर हे रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर. एवढाच संसार.

अडचण अशी, की आवाज पिंपात तोंड घालून बोलल्यासारखा येतो आणि बीट लावली की शब्द मागं पडतात. 'करायलो', 'जायलो' झपाट्यानं म्हणताना शेवटचा 'लो' तर गायबच! पॉप फिल्टर (माइकपुढची जाळी) लावूनही 'प' आणि 'भ'ला माइकवर फटका बसतो तो वेगळाच.

पाठीमागं जाडजूड वाकळ टांगून पाहिली. घुमणं बरंच कमी झालं, पण डोक्यावर पत्रा आहेच. पंखा बंद ठेवावा लागतो. मे महिन्यात इथं बंद पंख्याखाली एक कडवं सलग म्हणून दाखवा म्हणजे कळंल.

रेकॉर्डिंगला पीक (सगळ्यात मोठा आवाज) -10 डीबीच्या आसपास ठेवतो. मिक्समध्ये 100 हर्ट्झच्या खालचा जाड आवाज कापतो, कॉम्प्रेसर (मोठ्या-लहान आवाजातला फरक कमी करणारा) 4:1 वर. तो जास्त दाबला की आवाज पुढं येतो खरा, पण सोबत खोलीचं घुमणं आणि गल्लीतली कुत्रीही वर येतात.

अशा खोलीत शूअर एसएम 58 सारखा डायनॅमिक माइक (लांबचा आवाज कमी घेणारा) घ्यावा, का आधी छताचं बघावं? डबल्स (त्याच ओळी पुन्हा म्हणून जोडीला लावलेले टेक) मेन आवाजापेक्षा किती खाली ठेवता? एकाच्या जागी दोन हलके कॉम्प्रेसर लावणारं कुणी आहे का? असाल तर सेटिंग टाका. रिव्हर्ब (आवाज घुमवणारा इफेक्ट) तेवढा सुचवू नका, तो पत्रा फुकटात देतोय.