मदत हवी आहे: कॅनडात बालशिक्षणाचा डिप्लोमा, एजंट सांगतोय ते कितपत खरं?

पाटीपेन्सिल

नमस्कार मंडळी,

नाशिकमध्ये एका बालवाडीत ताई आहे. बी.ए. झालंय, त्यानंतर पूर्वप्राथमिक शिक्षिकेचा एक वर्षाचा कोर्स. वय ३१. नवरा अंबडच्या एका कंपनीत आहे, मुलगी पहिलीत. कॅनडात ओंटारियोमध्ये ईसीईचा, म्हणजे बालशिक्षणाचा दोन वर्षांचा डिप्लोमा करायचा विचार बरेच दिवस डोक्यात घोळतोय.

एजंटकडे जाऊन आलो. त्याचं म्हणणं असं: टोरंटोजवळ एक कॅम्पस आहे, चालवणारे खाजगी, पण सर्टिफिकेटवर सरकारी कॉलेजचं नाव. फी जरा कमी. नवऱ्याला ओपन वर्क परमिट, म्हणजे कुठेही नोकरी करायची परवानगी मिळेल, तोच घर चालवेल. पुढे दोन वर्षांत पीआर, म्हणजे कायम राहण्याची परवानगी. "मॅडम, बालवाडीवाल्यांना तिकडे डोक्यावर घेतात, सीट लॉक करून टाका." सीट लॉक म्हणजे महिनाअखेरीपर्यंत डिपॉझिट भरायचं.

मला मुलांबरोबर जमिनीवर बसून काम करायचंय. ऑफिसातलं काम नकोय आणि नुसता पीआरचा रस्ता म्हणूनही जायचं नाहीये. त्यामुळे तिथे प्रत्यक्ष काम कसं असतं हेही कुणी सांगितलं तर बरं होईल. इथला माझा अनुभव तिथे मोजतात का?

आणखी एक. व्हिसाच्या अर्जासोबत 'हाच कोर्स का' हे सांगणारा स्टडी प्लॅन द्यावा लागतो, त्यासाठी एजंटने तयार मजकूर दिलाय. 'कॅनडाची जागतिक दर्जाची शिक्षणव्यवस्था', 'माझं लहानपणापासूनचं स्वप्न' वगैरे. वाचून मलाच कंटाळा आला. मी कोसबाडबद्दल लिहायचं म्हणते. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी आदिवासी पाड्यांवर मुलांच्या अंगणातच बालवाडी नेली, हाताशी असेल त्या वस्तूंतून साधनं केली. माझ्या वर्गात आजही चिंचोके आणि करवंट्या आहेत ते त्यांच्यामुळेच. व्हिसा ऑफिसरला हे कळेल का, की तयार मजकूरच बरा?

शंकासुर

डिपॉझिट भरू नका. एवढं आधी वाचा, बाकीचं नंतर.

खाजगी कॅम्पसवर सरकारी कॉलेजचा अभ्यासक्रम चालवायचा, या प्रकारात १५ मे २०२४ पासून पुढे कोर्स सुरू करणाऱ्यांना शिक्षणानंतरचं वर्क परमिट मिळत नाही. म्हणजे डिप्लोमा हातात, आणि काम करायची परवानगी नाही. एजंटला हे माहीत नसेल असं मला तरी वाटत नाही.

नवऱ्याचं ओपन वर्क परमिटही विसरा. जानेवारी २०२५ पासून ते १६ महिने किंवा जास्तीच्या मास्टर्सला, पीएचडीला आणि मोजक्या व्यावसायिक पदव्यांना असलेल्यांच्याच जोडीदाराला मिळतं. कॉलेज डिप्लोमा त्यात बसत नाही. दोघांचं मिळून जे गणित तुम्ही मांडलंय ते इथेच कोसळतं, म्हणून आधी नवऱ्याशी बोला.

मेपलपान

ताई, मी टोरंटोजवळ मिसिसागात आरईसीई, म्हणजे नोंदणीकृत बालशिक्षिका आहे, माहेर सांगलीचं. शंकासुर यांनी सांगितलं ते बरोबर, फक्त सगळंच वाईट नाही. सरकारी कॉलेजच्या स्वतःच्या कॅम्पसवर हाच डिप्लोमा केलात तर तीन वर्षांचं वर्क परमिट मिळू शकतं. त्यासाठी कोर्सचा सीआयपी कोड, म्हणजे विषयाचा ठरलेला क्रमांक, इमिग्रेशनच्या पात्र विषयांच्या यादीत आहे का, ते स्वतःच्या डोळ्यांनी बघा. या याद्या बदलत असतात. फेब्रुवारी २०२५ मध्ये एक्सप्रेस एंट्रीत, म्हणजे पीआरसाठी गुणांवर निवड होते त्या पद्धतीत, शिक्षणाचा वेगळा गट आला आणि त्यात आपलं काम आहे. पण दोन वर्षांत पीआर असं लिहून देणारा कुणीही भेटला तर चहा पिऊन उठा.

दुसरं, ओंटारियोत नोंदणीशिवाय स्वतःला ईसीई म्हणवता येत नाही, २००७ चा कायदाच आहे तसा. नोंदणी करणारी संस्था म्हणजे 'कॉलेज ऑफ अर्ली चाइल्डहूड एज्युकेटर्स'. नावात कॉलेज असलं तरी तिथे शिकवत नाहीत. बाहेरच्या देशातलं शिक्षण ते तपासून घेतात, पण एक वर्षाच्या कोर्सवर भिस्त ठेवू नका. अनुभवाचं म्हणाल तर कागदावर फारसा धरत नाहीत, प्रॅक्टिकमला, म्हणजे कोर्समधल्या सेंटरवरच्या प्रत्यक्ष कामाला, मात्र पहिल्याच आठवड्यात दिसतो. ते प्रॅक्टिकम बहुधा बिनपगारी असतं, त्यामुळे त्या महिन्यांत बाहेरच्या कामाचे तास कमी होतात. खर्च धरताना हे लक्षात घ्या.

एक गोष्ट एजंट कधीच सांगत नाहीत. मेडिकल आधी करून घ्या, इमिग्रेशनच्या यादीतल्या डॉक्टरकडेच. नाहीतर परमिटवर 'चाइल्ड केअरमध्ये काम करता येणार नाही' अशी अट छापून येते. बालशिक्षण शिकायला आलेल्या मुलीच्या परमिटवर हीच ओळ! माझ्या ओळखीत एकीचं असं झालं, अट काढून घेईपर्यंत तिचं प्रॅक्टिकम लटकलं.

आता काम. टॉडलर वर्गात, म्हणजे दीड ते अडीच वर्षांत, पाच मुलांमागे एक मोठं माणूस. प्रीस्कूलला आठांमागे एक. दिवसभराच्या सेंटरमध्ये रोज दोन तास मुलांना बाहेर न्यावंच लागतं, जानेवारीतसुद्धा. पाच जणांना स्नोपँट, बूट, टोपी, मिटन घालेपर्यंत पहिल्याला शी लागते, की पुन्हा सगळं उलट. दारातून आत-बाहेर करताना दर वेळी डोकी मोजायची. डायपर, झोप, जेवण, सगळ्याची नोंद. शेंगदाण्याची चटणी डब्यात चालत नाही, कारण ॲलर्जी. पाठ आणि गुडघे आत्तापासून जपा.

पण पाटी गिरवून घ्या म्हणून पालक मागे लागत नाहीत. प्रांताचा बालशिक्षणाचा आराखडाच खेळ आणि शोध यांवर उभा आहे. मूल चिखलात तासभर खेळलं तर तेच त्या दिवसाचं शिक्षण. माझ्यासाठी तरी इथे टिकून राहायचं कारण तेच.

पगार भरघोस नाही. मुलांची फी दिवसाला दहा डॉलरवर आणायच्या सरकारी योजनेत असलेल्या सेंटर्ससाठी ओंटारियोने आरईसीईंचा किमान दर ठरवला, तो २०२४ ला तासाला २३.८६ डॉलर होता. टोरंटोत एकटीला कसंबसं पुरतं. त्यावर संसार चालवायचा तर ओढाताण.

आणि कोसबाडच लिहा, डोळे झाकून. फक्त ताराबाई कोण हे दोन वाक्यांत सांगा आणि मग तुम्ही वर्गात काय करता, तिथे जाऊन नेमकं काय शिकायचंय, परत आल्यावर त्याचा काय उपयोग, यावर या. चिंचोके-करवंट्यांचं काम इथे लूज पार्ट्स, म्हणजे सुट्या वस्तूंचा खेळ म्हणून जोरात चालतं. तीन वर्षांखालच्या वर्गात मात्र चिंचोका दिसला तर घशात अडकेल म्हणून सुपरवायझरला घाम फुटेल.

किवीतली_कोकणी

मी न्यूझीलंडमधून. तुमची पदवी आहे म्हणून सुचवते, इथे पदवीधरांसाठी बालशिक्षणाचा एक वर्षाचा ग्रॅज्युएट डिप्लोमा असतो. तो केला की टीचिंग कौन्सिलकडे शिक्षक म्हणूनच नोंदणी करता येते, आणि हे काम ग्रीन लिस्टवर, म्हणजे माणसांचा तुटवडा असलेल्या कामांच्या सरकारी यादीत आहे. अडतं ते इंग्रजीपाशी, आयएल्ट्स अकॅडमिक या इंग्रजीच्या परीक्षेत चारही भागांत ७ लागतात. रायटिंगला भलेभले साडेसहावर अडकतात. शिवाय इथला 'ते फारिकी' हा अभ्यासक्रम माओरी भाषा आणि रीतींना सोबत घेऊन चालतो, गाणी आणि नमस्कार माओरीतून शिकावे लागतील. तुम्हाला हे आवडेल असं तुमच्या लिहिण्यावरून वाटतंय.

पाटीपेन्सिल

सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री नवऱ्याला शंकासुर यांचा प्रतिसाद वाचून दाखवला, तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, डिपॉझिट राहू दे. एजंटला सकाळी फोन करून नाही कळवलं. त्याने लगेच दुसऱ्या कॅम्पसचं नाव पुढे केलं.

दोन गोष्टी अजून हव्यात. @मेपलपान ताई, टोरंटो सोडून ओंटारियोतल्या लहान गावांतल्या सरकारी कॉलेजांत राहण्याचा खर्च खरंच कमी पडतो का, आणि तिथे प्रॅक्टिकमला बसने पोचता येतं का? @किवीतली_कोकणी, रायटिंगला ७ आणण्यासाठी तुम्ही घरी कशी तयारी केली? क्लासची फी आत्ता झेपणार नाही, आणि संध्याकाळी मुलगी झोपल्यावरच वेळ मिळतो.