मदत हवी आहे: ओढ्यावरच्या लहान पुलाचं डिझाईन कोणाकडून, कसं करून घ्यावं?

नमस्कार मंडळी. आमच्या पाणंद रस्त्यावरची सिमेंट पाइपांची मोरी दर पावसाळ्यात तुंबते. पाइपांच्या तोंडाशी पाचट आणि बाभळीच्या फांद्या अडकतात, पाणी वरून जातं आणि दोन्ही बाजूंचा भराव कापतं. ग्रामपंचायत आता अंदाजे १२ मीटर गाळ्याचा (म्हणजे दोन आधारांमधल्या अंतराचा) स्लॅबचा पूल बांधू पाहते. उसाच्या भरलेल्या दोन ट्रॉल्यांसह ट्रॅक्टर जायला हवा.

तालुक्यातल्या आरसीसी सल्लागारांनी स्लॅबचं ड्रॉइंग दिलं, पण पायाची खोली नुसत्या अंदाजाने धरली. पूल बहुतेकदा पायाखालची माती पुरात खरवडली गेल्यानेच जातात, म्हणून ते मला पटत नाही. केवळ पुलांचं डिझाईन करणाऱ्या पुण्यातल्या एका कंपनीने पाणलोट क्षेत्र, ओढ्याचे आडवे छेद, तळाचा उतार, पूरपातळी आणि बोअरचा (जमिनीत भोक पाडून केलेल्या माती-खडकाच्या तपासणीचा) अहवाल मागितला. आमच्याकडे फक्त जुन्या लोकांनी दाखवलेली पूरखूण आहे. निधी बेताचा आहे.

सर्वेक्षण आणि बोअर आपण वेगळे करून घ्यावेत, की सगळं कंपनीकडेच सोपवावं? करारात इंडियन रोड्स काँग्रेसच्या 'आयआरसी एसपी १३' (लहान पूल आणि मोऱ्यांच्या डिझाईनची मार्गदर्शिका) आणि 'आयआरसी ६' (पुलावरच्या भारांची संहिता) यांच्याशिवाय काय लिहून घ्यावं? आणि इतक्या लहान पुलाचं डिझाईन अभियांत्रिकी महाविद्यालयाकडून तपासून घेतलंय का कोणी?