प्रतिसाद: ठिपक्यांवरून कोळ्याची जात ठरत नाही

मूळ नोंदीत पानावर सापडलेला कोळी (म्हणजे झाडाचा रस शोषणारी बारीक कोळीकीड, नेहमीचा जाळ्यातला कोळी नव्हे) पाठीवरच्या दोन गडद ठिपक्यांवरून ‘टेट्रानिकस अर्टिकी’ या जातीचा ठरवला आहे. घाई होतेय. ते ठिपके म्हणजे पारदर्शक कातडीतून दिसणारं आतड्यातलं अन्न. उपाशी किंवा नुकतीच कात टाकलेल्या मादीत ते दिसतही नाहीत. रंगही फसवा: याच जातीत हिरवट आणि लाल, दोन्ही रूपं आहेत.

सूक्ष्मदर्शकाखाली खात्री नराच्या जननदांडीच्या (मिलनाच्या कडक अवयवाच्या) टोकावरूनच होते, म्हणून त्याच पानावरचे नर गोळा करा. ते मादीहून लहान, मागे निमुळते असतात. ७० टक्के अल्कोहोलमध्ये ठेवा, मग लॅक्टिक आम्लात पारदर्शक करून हॉयर माध्यमात (नमुना काचेवर कायम बसवायच्या चिकट द्रवात) काचपट्टीवर घ्या. नर कुशीवरच हवा. पाठीवर किंवा पोटावर चपटा झाला की टोकाची बाजूची आकृती दिसत नाही आणि नमुना वाया जातो. माध्यम ओलं असतानाच कव्हरस्लिप (वरची पातळ काच) सुईने किंचित सरकवली की तो कुशीवर वळतो. माध्यमाचा थेंब अगदी लहान घ्या, जास्त झाला तर नर तरंगत राहतो. मादी मात्र पाठ वर करून बसवा.

काचपट्टी सुमारे ४५ अंश सेल्सिअसवर आठवडाभर वाळवून कडा सीलबंद करा; हॉयर हवेतली ओल शोषतं. मग ऑइल इमर्शनखाली (भिंग आणि काचेमध्ये तेलाचा थेंब ठेवून) १००० पट मोठं करून जननदांडीच्या टोकाची गाठ पाहा: अर्टिकीत ती लहान असते, पुढचं-मागचं टोक जवळपास सारखं.