तपासणीच्या फंक्शनने केवळ हो-नाही सांगू नये
वेबसाइटवरच्या फॉर्ममध्ये भरलेली माहिती तपासण्यासाठी प्रत्येक रकान्याचे वेगळे फंक्शन (एकच ठरावीक काम करणारा कोडचा तुकडा) लिहावे आणि माहिती बरोबर आहे का, याचे त्याने हो किंवा नाही एवढेच उत्तर द्यावे, असा एक सल्ला दिला जातो. त्यात एक भर घालावीशी वाटते. फंक्शनने ‘रिकामे’, ‘फार लांब’, ‘अशक्य तारीख’ असे, चूक कोणती ते सांगणारे सांकेतिक नाव परत करावे आणि वापरकर्त्याला दिसणारा संदेश फॉर्मने ठरवावा, म्हणजे तेच फंक्शन दुसऱ्या भाषेतल्या फॉर्मलाही जसेच्या तसे लावता येते.

तारखेबाबत विशेष जपावे लागते. जावास्क्रिप्ट या ब्राउझरमध्ये चालणाऱ्या प्रोग्रामिंग भाषेतल्या डेट ऑब्जेक्टला (तारखा हाताळणाऱ्या घटकाला) वर्ष, महिना आणि दिवस सुटे देऊन ३० फेब्रुवारी २०२३ ही तारीख बनवायला सांगितली, तर ते कोणतीही तक्रार न करता २ मार्च धरते. म्हणून तयार झालेल्या तारखेतून दिवस आणि महिना पुन्हा काढून मूळ आकड्यांशी ताडून पाहावेत. (माझ्या एका फॉर्ममध्ये ही चूक कित्येक महिने लपून राहिली होती.)

मागच्यापुढच्या मोकळ्या जागा छाटण्याचे काम तपासणीच्या आधी, वेगळ्या फंक्शनमध्ये करावे. ब्राउझरमधली तपासणी सहज टाळता येत असल्यामुळे हेच नियम सर्व्हरवर (फॉर्ममधली माहिती जिथे पोहोचते त्या संगणकावर) पुन्हा चालवणे अनिवार्य आहे, आणि दोन्हीकडे एकच प्रोग्रामिंग भाषा असेल तर नियमांची फाइलही एकच ठेवावी.