मदत हवी आहे: समुद्रकाठच्या शेडला इपॉक्सी मारूनही फोड येतायत

नमस्कार मंडळी,

हर्णैला माझं फॅब्रिकेशनचं छोटं वर्कशॉप आहे. बंदराजवळ मे महिन्यात मासळीच्या बर्फासाठी एक शेड उभी केली. रेड ऑक्साइड आणि ऑइल पेंट इथल्या खाऱ्या वाऱ्यात टिकत नाही, म्हणून मालकाला जादा खर्च करायला लावून इपॉक्सी (दोन भाग मिसळून लावायचा कडक रंग) प्रायमरचा एक आणि फिनिशचे दोन हात दिले.

दिवाळीत बघतो तर खांबांच्या तळाशी आणि वेल्डिंगच्या कडेने हरभऱ्याएवढे फोड. एक सुईने टोचला, थेंबभर पाणी आलं. जिभेला लावलं तर चक्क खारट! रंगाचा पापुद्रा अखंड होता, कुठे तडा नाही, आणि खाली लोखंड काळं पडलेलं. मग हे मीठ आत आलं कुठून?

लोखंडाचा माल महिनाभर वर्कशॉपबाहेर उघड्यावर होता. गंज ग्राइंडरच्या वायर कपने काढला, पाण्याने धुतला, उन्हात वाळवला, थिनरने पुसला, मग रंग. आता सगळा रंग काढू की फोडांपुरता? पुढची कामं गॅल्व्हनाइज (वितळलेल्या जस्तात बुडवून) करून घेऊ का? मालक काही बोललेले नाहीत, पण टिकेल असा शब्द मी दिला होता, म्हणून झोप लागत नाही.

दर्याकाठ:
जहाजदुरुस्तीच्या गोदीत रंगतपासणीचं काम केलंय, त्यावरून सांगतो. मीठ रंगाच्या आधीपासूनच खाली होतं. कुठलाही रंग वाफ पूर्ण अडवत नाही, आणि खालचं मीठ ती ओढून घेतं, तोच हा फोड. थिनरने तेल निघतं, मीठ नाही. वायर कपने वरचा भाग चकचकीत होतो, खड्ड्यांच्या तळाशी मीठ तसंच राहतं. पण दादा, धुतलंत ते पाणी कुठलं?

धागाकर्ता:
वाडीतल्या विहिरीचं. मे महिन्यात ती मचूळ होते, प्यायला आम्ही नळाचंच घेतो. हे डोक्यातच आलं नाही!

दर्याकाठ:
मग तुम्हीच थोडं मीठ चढवलंत. फोडांभोवतीचा रंग घट्ट धरलेला भाग लागेपर्यंत काढा. गोड्या पाण्याने प्रेशर देऊन धुवा, नंतर सँडब्लास्टिंग (दाबाच्या हवेने खरखरीत कण मारून घासणं), आणि त्याच दिवशी झिंक-रिच, म्हणजे जस्ताची भुकटी भरलेला प्रायमर. रात्रभर उघडं ठेवलंत तर सकाळी तांबूस झालेलं दिसेल. कडा आणि वेल्डिंगवर आधी ब्रशने एक जादा हात द्या, धारेवरून रंग मागे सरतो आणि थर पातळ राहतो. त्यावर इपॉक्सी, शेवटी पीयू (पॉलियुरेथेन) रंग, कारण नुसतं इपॉक्सी उन्हाने खडूसारखं भुरभुरतं. हवेतली आर्द्रता ८५ टक्क्यांच्या आत हवी आणि लोखंड दवबिंदूपेक्षा (ज्या तापमानाला दव धरतं त्यापेक्षा) निदान ३ अंश गरम, म्हणजे पहाटे ब्रश उचलायचाच नाही.

गॅल्व्हनायझिंग उत्तम, पण कापणं, भोकं, वेल्डिंग आधी उरका, नंतर केलंत तर जस्त जळतं. बंद पाइपला हवा जायला भोकं ठेवाच. साधारण ४५० अंशांच्या जस्तात आतली हवा-पाणी कोंडलं तर पाइप फुटतो, माणूस भाजतो. आणि जस्तावर थेट ऑइल पेंट नको, सोलून निघतो.

धागाकर्ता:
मनापासून आभार. नळाचं पाणी टाकीत साठवून डिसेंबरात काम धरतो. दापोली, खेड, चिपळूण भागात जागेवर येऊन सँडब्लास्टिंग करणारं कोणी माहीत आहे का? खांब आता उपटून नेता येणार नाहीत.