मदत हवी आहे: मॉनिटर वाढवला की गिटार घुमते

पुण्यात एका कॅफेच्या वरच्या खोलीत स्वतःची गाणी लिहिणारे चार जण गाणार आहेत. खोली साधारण २० बाय ३० फूट, छत काँक्रीटचं, श्रोते ४०. सामान: १२ इंची दोन पॉवर्ड स्पीकर, एक मॉनिटर (गायकाला स्वतःचा आवाज ऐकवणारा स्पीकर), ८ चॅनेलचा मिक्सर, शुअर एसएम५८ माइक.

गायनाचा त्रास नाही. एसएम५८ कार्डिऑइड आहे, म्हणजे समोरचं पकडतो, पाठीमागचं फारसं नाही, त्यामुळे मॉनिटर बरोबर माइकच्या पाठीमागे ठेवला की शिट्टी येत नाही. अडचण गिटारची. पिकअप पिझो (कंपनाच्या दाबातून सिग्नल बनवणारा), तेही प्रीअँपशिवाय, म्हणजे सिग्नल वाढवणारं सर्किट गिटारमध्ये नाही. पॅसिव्ह डीआय बॉक्समधून (गिटार मिक्सरला जोडणारी, विजेशिवाय चालणारी डबी) आवाज पातळ आणि टोचरा येतो, कारण पिझोला निदान १ मेगाओहमचा इनपुट लागतो, तेवढा तिच्यात नसतो. अॅक्टिव्ह डीआय लावून मिक्सरवरून ४८ व्होल्ट फँटम (माइकच्या केबलमधून जाणारी वीज) दिला की सूर भरतो, पण मग मॉनिटर जरा वाढवताच १०० हर्ट्झच्या आसपास गिटारची पेटी घुमू लागते. लो-कट (खालचे सूर गाळणारा फिल्टर) ८० हर्ट्झवर आहे. १५० वर नेला तर गिटार पोकळ वाटते. रबरी झाकणाने गोल भोकाच्या गिटारी आवरतात, पण एकीचं भोक लंबगोल आहे, तिला झाकण बसत नाही.

फेज उलटवल्याने (सिग्नलची लहर उलटी केल्याने) खरंच फरक पडतो का, की पॅरामेट्रिक इक्यूवर (हवी ती फ्रिक्वेन्सी निवडून कमी-जास्त करणारा) अरुंद कापच बरा? मिक्सरवर यातलं काहीच नाही, म्हणजे पेडल घ्यावं लागेल. कोणतं?

शिवाय दिव्यांचा डिमर फिरवला की गुणगुण येते. डीआयचा ग्राउंड लिफ्ट करून (बटणाने केबलची ग्राउंड जोडणी तोडून) पाहिला, उपयोग शून्य. प्लगची अर्थ पिन काढा, हा सल्ला कृपया नको.