सराफ्यातली गर्दी ‘एक्स्पोनेन्शियली’ वाढली म्हणे!

गणितवाली मावशी: काल इथे एकानं लिहिलं की इंदूरच्या सराफ्यातली, म्हणजे रात्रीच्या खाऊबाजारातली, गर्दी ‘एक्स्पोनेन्शियली वाढून राहिलीये’. डोकंच फिरलं माझं. अरे, त्याचा अर्थ ‘खूप’ नाही आणि ‘भराभर’ही नाही, तेवढ्याच काळात तेवढ्याच पटीनं, पुन्हापुन्हा, असं असेल तरच. सात टक्क्यांची एफडी व्याज न काढता ठेवली तर तीही एक्स्पोनेन्शियलीच वाढते, पण दुप्पट व्हायला दहा वर्षं, तिला बघून कोणी बापरे म्हणतं का?

छप्पनवाला: पोस्ट माझीच. मावशी, भाषा ओटल्यावर चालते, फळ्यावर नाही. पेपरवाले, मंत्री सगळे म्हणतात. तुम्ही ‘अनंत उपकार’ म्हणता तेव्हा मोजता का?

गणितवाली मावशी: उपकारांनी माणसं मरत नाहीत. मार्च 2020 मध्ये आमचे भावजी ‘कोरोनाच्या पन्नासच तर केसेस’ म्हणत लग्नाला निघाले होते. दर चार दिवसांनी दुप्पट धरलं तर चार आठवड्यांत पन्नासाचे सहा हजार चारशे होतात, हे कागदावर करून दाखवलं तेव्हा बॅग खाली ठेवली. शब्द झिजवून ठेवला की नेमका लागतो तेव्हा कोणी ऐकत नाही.

गराडूभक्त: गर्दी गेली खड्ड्यात, सराफ्यात मोमो आणि चायनीज किती झालंय ते बोला! सोन्याची दुकानं बंद झाली की आजोबा आम्हाला भुट्ट्याचा कीस खायला न्यायचे, आता तो शोधावा लागतो.

इंदूरची लेक: मोमो खाणारे पण इंदूरचेच ना काका? पुण्याहून कोणी येत नाही खायला.

गराडूभक्त: तुम्ही पुण्यात बसून शिकवू नका. पोह्यांवर शेव घालता का अजून, ते सांगा आधी.

इंदूरची लेक: घालते. जिरावन मसालापण. सासूबाई नाक मुरडतात तरी.

छप्पनवाला: विषयावर या. जनगणनेत इंदूर 2001 ला पंधरा लाखांच्या आसपास, 2011 ला वीसच्या. झालं की एक्स्पोनेन्शियल!

गणितवाली मावशी: दोन बिंदूंतून सरळ रेषापण जाते. तिसरा आकडा आण.

छप्पनवाला: 2021 ची जनगणनाच झाली नाही, मी काय घरोघर मोजत फिरू?

गणितवाली मावशी: मग ‘खूप’ लिही.

छप्पनवाला: लिहिलं. ‘गर्दी खूप वाढली, मावशींच्या परवानगीनं.’ खूष?

गराडूभक्त: तिकडे मोमोवाले हसून राहिलेत तुमच्यावर. मागच्या एप्रिलमध्ये गेलो तर तळलेला गराडू कंद एका ठेल्यावर नाही!

इंदूरची लेक: गराडू थंडीत मिळतो हो काका. कसले भक्त तुम्ही?